चाळिशीतलं निदान आणि मागची चाळीस वर्षं

मे २०२४ मध्ये केरळमधल्या कोथमंगलम इथे विशेष मुलांसाठीच्या एका संस्थेचा कार्यक्रम होता. मल्याळम अभिनेता फहाद फासिल तिथे बोलता बोलता सांगून गेला, की त्याला एडीएचडी, म्हणजे लक्षाची कमतरता आणि अतिचंचलता, आहे आणि हे कळलं तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. लहानपणी लक्षात आलं तर बरंच काही करता येतं, असं त्याला तिथल्या डॉक्टरांकडून कळलं होतं. मग एकेचाळिसाव्या वर्षी कळलं तर काय, असा त्याचा साधा प्रश्न होता. बातम्यांत त्याचं निदान गाजलं, प्रश्न मागे पडला.

पुढच्या पानांचा विषय तो मागे पडलेला प्रश्न आहे. मराठीत एडीएचडीवर जे थोडंफार लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक मुलांविषयी असतं. एका जागी न बसणारा मुलगा, हैराण झालेली आई, बाईंनी वहीत लिहून पाठवलेली तक्रार. तो मुलगा पुढे मोठा होतो, नोकरीला लागतो, लग्न करतो, गृहकर्जाचा हप्ता विसरतो, हे जणू कुणाच्या ध्यानातच येत नाही.

नाव ऐकून वाटतं, या माणसांकडे लक्ष कमी असतं. लक्ष भरपूर असतं. ते हवं तिथे, हवं तेव्हा लावता येत नाही. विजेचं बिल भरायला मोबाइल हातात घ्यावा आणि दीड तासानं कोकणातल्या दीपगृहांचा इतिहास वाचून उठावं, बिल तसंच. काम सुरू करणं, वेळेचा अंदाज बांधणं, एका कामातून दुसऱ्यात जाणं, उसळलेला राग क्षणभर धरून ठेवणं, ही मेंदूची कामं इथे अडखळतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली कित्येक वर्षं एकच गोष्ट परोपरीनं सांगत आले आहेत: काय करायचं हे या माणसांना ठाऊक असतं, अडतं ते ठाऊक असलेलं वेळेवर करण्यात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानं बालपणापासून टिकून राहिलेल्या एडीएचडीचं प्रौढांमधलं प्रमाण २.५८ टक्के काढलं. म्हणजे चाळीस माणसांत साधारण एक. लग्नाच्या प्रत्येक पंगतीत एखाद-दुसरा सहज निघावा.

बाहेरून दिसतो तो नुसता वेंधळेपणा. त्यासाठी मराठी घरांत शब्दांची टंचाई कधीच नव्हती: धांदरट, आरंभशूर, बूड स्थिर नसलेला, एक ना धड भाराभर चिंध्या. प्रगतिपुस्तकावरचा शेरा तर छापून घेतल्यासारखा ठरलेला, ‘हुशार आहे, पण मेहनत घेत नाही’. हे ऐकत वाढलेला माणूस तिशी उलटेपर्यंत स्वतःच ते म्हणायला शिकतो. किल्ली विसरली, की बायकोनं तोंड उघडायच्या आत तो स्वतःला चार शब्द सुनावून मोकळा झालेला असतो. निदान होतं ते अशा तयार मनाला.

त्यानंतर काय होतं, याचा एक लक्षणीय अभ्यास ब्रिटनमध्ये सुझन यंग, जेसिका ब्रॅमहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. प्रौढपणी निदान होऊन उपचार सुरू झालेल्या आठ जणांच्या सविस्तर मुलाखती त्यांनी घेतल्या. आठ म्हणजे अगदीच थोडे. पण त्यांना टक्केवारी काढायची नव्हती, माणसं काय सांगतात ते नीट ऐकायचं होतं. आठही जणांच्या बोलण्यात तीन गोष्टी येत राहिल्या. मागच्या आयुष्याची उजळणी, निदानानं उठलेली भावनांची उलथापालथ आणि पुढचं कसं, हा विचार. यंग आणि ब्रॅमहॅम यांनी या उलथापालथीचे टप्पेही मांडले आहेत. आधी सुटकेचा आनंद, मग गोंधळ, राग, दुःख, चिंता आणि अखेरीस जुळवून घेणं. ते याच क्रमानं येतात असं मात्र धरून चालू नये. मंगळवारी सगळं पटलेला माणूस शुक्रवारी विम्याच्या हप्त्याची तारीख हुकली, की पुन्हा रागावर येतो.

सुटकेचा आनंद खरा असतो. केट केली आणि पेगी रामुंडो या दोन अमेरिकन लेखिकांनी १९९३ मध्ये प्रौढांसाठी जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘म्हणजे मी आळशी, मूर्ख किंवा वेडी नाही?’ अशा अर्थाचं होतं. दोघींनाही स्वतःला हाच त्रास होता, त्यामुळे शीर्षकातलं आश्चर्य उसनं नव्हतं. पण हा आनंद फार दिवस पुरत नाही. सोडलेली इंजिनिअरिंगची तिसरी सेमिस्टर, तुटलेली दोस्ती, धाकट्या भावानं वेळेवर घेतलेला फ्लॅट, सगळं नव्यानं समोर येऊन बसतं.

मुळात निदानाची पद्धतच मागचं उकरायला लावते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या निकषांनुसार बेलक्षपणाची किंवा अतिचंचलतेची मुलांमध्ये किमान सहा लक्षणं लागतात, १७ वर्षांपासून पुढे पाच पुरतात. पण त्यातली काही बाराव्या वर्षाच्या आधी दिसलेली हवीत. (त्याआधी ही अट सातव्या वर्षाची होती, आणि कित्येक जण तेवढ्यावरूनच बाहेर राहत.) म्हणून डॉक्टर विचारतात, जुनी प्रगतिपुस्तकं आहेत का? आईला घेऊन येता का? मग सत्तरीची आई दवाखान्यातल्या खुर्चीत बसून सांगू लागते. हा चौथीत होता तेव्हा महिन्याला एक कंपासपेटी हरवायचा. दुकानातून काय आणायचं ते कोपऱ्यापर्यंत जाईतो विसरायचा. पाहुण्यांसमोर मध्येच बोलायचा, म्हणून मार खायचा. शेजारी बसलेल्या चाळिशीच्या मुलाला त्या वेळी दोन गोष्टी एकदम कळतात. आईला सगळं दिसत होतं. आणि तिनं काहीच केलं नव्हतं.

राग इथून सुरू होतो, आणि रागाला पत्ता लागतो. आईवडील, वर्गशिक्षक, पंधरा वर्षं चिंतेच्या गोळ्या देणारे डॉक्टर, सगळे त्या पत्त्यावर राहतात. अशा वेळी थोडा इतिहास माहीत असलेला बरा. भरकटणाऱ्या लक्षाचं वैद्यकीय वर्णन स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्येच केलं होतं. पुढची शंभर वर्षं त्यावर विशेष काही घडलं नाही. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ या भाषेत, म्हणजे वैद्यकही शाळामास्तरांच्याच सुरात बोलत होतं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी मुलांना बेंझेड्रिन या उत्तेजक औषधाची गोळी दिली आणि अभ्यासात फरक दिसला. मुलं तिला गणिताची गोळी म्हणू लागली. १९६८ च्या अमेरिकन वर्गीकरणात ही बालवयातली अतिचंचलता होती आणि वाढत्या वयात ती ओसरते अशी नोंद होती. ‘लक्ष’ हा शब्द नावात यायला १९८० उजाडलं. मोठ्यांनाही हा त्रास असतो, असं युटामधले पॉल वेंडर सत्तरच्या दशकापासून सांगत होते; ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना जागा मिळाली ती २००८ मध्ये.

फहाद फासिलचा जन्म १९८२ चा. तो शाळेत जाऊ लागण्याच्या सुमारास, १९८७ मध्ये, एडीएचडी हे नाव त्याच अमेरिकन वर्गीकरणाच्या पुस्तिकेत पहिल्यांदा छापलं गेलं. त्या वर्षी सांगलीत किंवा अकोल्यात साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना ते ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. हे कळलं की रागाचा बराचसा भाग विरघळतो, निदान त्याला कुणाचं दार ठोठवावं ते कळेनासं होतं. बाईंची छडी मात्र त्यानं माफ होत नाही. न कळणं वेगळं आणि मारणं वेगळं. राग दुसऱ्या गोष्टीचा असेल तर तो धरायला माणूस मोकळा आहे, आणि समुपदेशकानंही तो घाईनं मिटवू नये.

आनुवंशिकतेनं हा राग आणखी गुंतागुंतीचा होतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के निघते. पुष्कळदा आधी मुलाचं निदान होतं, आणि डॉक्टरांनी वाचून दाखवलेली लक्षणं ऐकता ऐकता बापाला आपलंच वर्णन ऐकू येतं. मग तो स्वतःच्या वडिलांचा विचार करू लागतो. तीन धंदे काढून बंद केलेले, जेवताना पानावरून दोनदा उठणारे, उगाच कडाडणारे वडील. ज्यांच्यावर रागवायचं होतं तेच बिननिदानाचे निघतात.

दुःख बहुधा औषधाबरोबर येतं, हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं. सर्वाधिक वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध सीबा कंपनीतल्या लिअँड्रो पॅनिझोन यांनी १९४४ मध्ये बनवलं आणि पत्नी मार्गरीट, घरातली रिटा, हिच्या नावावरून त्याचं ‘रिटालिन’ झालं. ज्यांना ते लागू पडतं त्यांच्यातले अनेक जण पहिल्या दिवसांचं वर्णन जवळजवळ सारखं करतात. डोक्यातला गलका थांबला, समोरचा ईमेल उघडला आणि लिहून टाकला. एवढंच. आणि त्यानंतर रडू आलं, कारण बाकीच्या जगाला ही गोष्ट रोज फुकट मिळत होती. वीस वर्षांपूर्वी ही गोळी मिळाली असती तर, या प्रश्नाला उत्तर नाही. तो प्रश्न पडू देणं, त्यावर शोक करणं हे उपचाराबाहेरचं नाही. जवळची माणसं नेमकी इथे घाई करतात, ‘आता कळलं ना, मग झालं तर!’ त्यांचा हेतू चांगलाच असतो.

औषध मिळणं हाही आपल्याकडे भावनांचाच भाग होऊन बसतो. मिथाइलफेनिडेट भारतात अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखालच्या मनोप्रभावी द्रव्यांत मोडतं. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अशी औषधं फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत, आणि सगळे दुकानदार ती ठेवत नाहीत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यानं वेळ ठरवायची, रजा काढायची, गाडी पकडायची, कागद सांभाळायचे आणि गोळ्या संपण्याआधी पुन्हा हेच करायचं. ज्या कामांत हा माणूस नेमका कमी पडतो तीच सगळी कामं केल्याशिवाय त्याला औषध मिळत नाही. त्यातून एखाद्या काउंटरवर नशेबाजाकडे बघावं तशी नजर मिळाली, की दोन महिने टिकवलेला धीर सुटतो. अॅटोमॉक्सेटिन हा उत्तेजक नसलेला पर्याय आहे; २००२ मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या एडीएचडीसाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. ते सगळ्यांना मानवतंच असं नाही.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बालपणी निदान होणाऱ्यांत मुलगे कितीतरी जास्त असतात, मोठ्यांमध्ये ही तफावत बरीच कमी होते. मधल्या काळातल्या मुली गेल्या कुठे? त्या शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत शांत बसल्या होत्या, म्हणून कुणाला त्रास झाला नाही. सारी सॉल्डन यांचं बायकांच्या एडीएचडीवरचं पुस्तक १९९५ मध्ये आलं, तोवर या विषयातल्या चित्रात मुलगी जवळपास नव्हतीच. घरातल्या बाईकडून जे काम गृहीत धरलेलं असतं ते तर पूर्णपणे लक्षात ठेवण्याचंच काम आहे. गॅसचा नंबर, दुधाचा हिशेब, सासऱ्यांच्या गोळ्या, कुणाच्या बारशाला काय दिलं होतं, पोरीच्या शाळेत निळा ड्रेस कोणत्या वारी. नवरा विसरला तर तो भोळा. ती विसरली तर तिला संसार जमत नाही. ते झाकण्यासाठी ती रात्री बारापर्यंत याद्या करते, पाहुणे येण्याआधी पसारा कपाटात कोंबते, आणि मग थकून डॉक्टरकडे जाते तेव्हा नैराश्याची गोळी घेऊन परतते. नैराश्य खोटं नसतं, पण ते बऱ्याचदा दुसऱ्या मजल्यावरचं असतं. अशा बाईला निदान होतं तेव्हा रागाइतकाच मोठा असतो तो थकवा, इतकी वर्षं नाटक केल्याचा.

याच सुमारास मोबाइलवर दुसरी भाषा येऊन थडकते: एडीएचडी म्हणजे महाशक्ती, प्रतिभावंतांचं देणं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड हॅलोवेल, ज्यांना स्वतःला एडीएचडी आहे, फेरारीचं इंजिन आणि सायकलचे ब्रेक अशी उपमा देतात. ती मुलांना समजवायला छान आहे आणि त्यात निदान ब्रेकचा उल्लेख तरी आहे. रीलमध्ये ब्रेक गळून पडतात. नोकरी दोनदा गेलेल्या माणसाला तुझ्याकडे वरदान आहे असं सांगणं म्हणजे त्याच्या दुःखाला दार दाखवणं होय. शिवाय माहितीचा दर्जाही बघायला हवा. टिकटॉकवरच्या एडीएचडीच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० व्हिडिओंची कॅनडातल्या संशोधकांनी छाननी केली (२०२२), तेव्हा त्यातले ५२ टक्के दिशाभूल करणारे निघाले.

हे सगळं वाचून ऐकून झालेल्या माणसाला मग उलटी शंका सतावते. मला खरंच आहे, की मीही आळसाला नाव शोधलं? ‘असं थोडंफार सगळ्यांचंच होतं’ म्हणणारा काका प्रत्येक कुटुंबात असतो. काकांचं निम्मं बरोबर आहे, किल्ल्या सगळेच विसरतात. निदान किल्ल्यांवर होत नाही. लहानपणापासून, घरी आणि कामावर दोन्हीकडे, आयुष्य अडण्याइतकं होतं का यावर होतं. थायरॉइड, अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांतूनही हुबेहूब असंच चित्र उभं राहतं. तज्ज्ञांमध्येही वाद संपलेला नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या गटाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, तेव्हा ३८ व्या वर्षी निकषांत बसलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या बालपणात एडीएचडीची नोंद नव्हती. नंतरच्या संशोधकांनी यातल्या बऱ्याच जणांचा त्रास दुसऱ्या कारणांनी असावा असं दाखवलं. तेव्हा शंका घेण्यात काही वाईट नाही. ती रील बघून फेडण्यापेक्षा पुन्हा एकदा तपासणीला बसून फेडावी.

सावरण्याच्या वाटांपैकी एक महाराष्ट्राला चांगली ओळखीची आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या कामातून मराठी घरांपर्यंत पोचली, अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे तिचा जनकही वाचकांना भेटला. एलिस यांचं म्हणणं असं, की गुण द्यायचे ते कृतीला, अख्ख्या माणसाला नव्हे. हप्ता चुकला, दंड बसला, हे वाईट झालं. म्हणून मी नालायक ठरत नाही. एडीएचडी असलेल्याला हे वाक्य इतरांपेक्षा जास्त वेळा लागतं, कारण त्याचे हप्ते जास्त वेळा चुकतात. पण नुसत्या विचारांवर भागत नाही. २०१० मध्ये स्टीव्हन सॅफ्रन यांच्या गटानं बॉस्टनमध्ये ८६ प्रौढांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. हे सगळे औषध घेत होते, तरी त्रास उरला होता. एका गटाला शिथिलीकरण आणि माहिती दिली, दुसऱ्याला एकच डायरी वापरणं, कामाचे तुकडे पाडणं, मन भरकटायच्या वेळा ओळखणं आणि स्वतःविषयीचे कडवट विचार तपासणं शिकवलं. दुसऱ्या गटाला जास्त फायदा झाला आणि पुढच्या महिन्यांतही तो टिकला. डायरी आणि कडवट विचार एकाच अभ्यासक्रमात होते, ही त्यातली ध्यानात ठेवण्याजोगी बाब. हप्ता स्वयंचलित करून टाकला, की शरमेचं एक निमित्तही कमी होतं.

सांगायचं कुणाला, हा पुढचा पेच. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचं अपंगत्व मानतो. अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आहेत, एडीएचडी नावानं नाही. त्यामुळे ऑफिसात सांगितल्यानं सवलत मिळेल याची खात्री नाही, पण पुढच्या बढतीच्या वेळी कुणीतरी ते आठवेल ही भीती आहे. स्थळं बघणाऱ्या घरात तर निदानाचा कागद कपाटाच्या तळाशी जातो. बहुतेक जण म्हणून आधी जोडीदाराला सांगतात, आणि तिथेही वाक्य कसं उच्चारलं जातं यावर बरंच ठरतं. ‘माझा मेंदू असाच आहे’ हे स्पष्टीकरण म्हणून चालतं. दर रविवारी भांडी न घासण्याचं कारण म्हणून वापरलं, की दहा वर्षं घर एकटीनं ओढलेल्या बायकोचा राग सुरू होतो. तिच्या रागाचा टप्पा कोणत्याही तक्त्यात नाही.

अजून एक पिढी या चर्चेत जवळपास आलेलीच नाही. नेदरलँड्समध्ये ६० ते ९४ वयोगटात केलेल्या पाहणीत (२०१२) एडीएचडीचं प्रमाण २.८ टक्के आढळलं. आपल्याकडे पंचाहत्तरीचे आजोबा चष्मा, पैसे, औषधं विसरू लागले की घरचे स्मृतिभ्रंशाच्या भीतीनं तपासणीला नेतात, आणि ते योग्यच आहे. तिथे डॉक्टरांनी हेही विचारायला हवं, की विसराळूपणा दोन वर्षांतला आहे की विशीपासूनचा. उत्तर द्यायला आजोबांची आई आता नसते. आजी असते, आणि पन्नास वर्षांचा तपशील तिच्याकडे तारखांसकट असतो. त्या वयात उत्तेजक औषध द्यायचं तर रक्तदाब आणि हृदय आधी बघावं लागतं, आणि कित्येकदा ते न देण्याचंच ठरतं. तरी पन्नास वर्षं ज्याला बेफिकीर म्हटलं, त्याला नक्की काय होत होतं हे त्या दोघांना कळावं की नाही, यावर पुढच्या पानांतल्या डॉक्टरांचंही एकमत नाही.